स्टिअरिंगचं तेल, देवमासा आणि अण्णांचा खांदा

मागच्या शनिवारी सकाळी अण्णांचा फोन. सांगलीला ताईकडे गेले होते, तिथून स्पेअर पार्टच्या दुकानात. मागे दुकानदाराचा आवाज, रिक्षांचे हॉर्न.

"अरे, पावर ऑईल घेतोय. यानं चार बाटल्या मांडल्यात. एक लाल, एक पिवळट, एक हिरवी, आणि एक ब्रेक ऑईलची. कुठली घेऊ?"

मी म्हटलं, "अण्णा, ब्रेकची सोडून..." आणि पुढचं वाक्य घशातच अडकलं. कारण तीन वर्षांपूर्वी हाच प्रश्न मला पडायला हवा होता आणि तेव्हा मी तो कुणालाच विचारला नव्हता. त्याची किंमत अण्णांच्या उजव्या खांद्यानं मोजली.

ती गोष्ट शेवटी सांगतो. मधे थोडा इतिहास आहे. त्या प्रकरणानंतर अपराधी वाटून मी या तेलाबद्दल जे मिळेल ते वाचत सुटलो. सोमवार ते शुक्रवार दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधायचे आणि शनिवार-रविवार स्वतःचा, असा प्रकार :)

आमचे अण्णा एसटीत चालक होते. एकतीस वर्षं. त्यातली बरीचशी वर्षं सातारा जिल्ह्यातल्या घाटांत गेली. पसरणीचा घाट, कुंभार्ली, पूर्वीचा खंबाटकी. महाराष्ट्रात एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ला पुणे-नगर मार्गावर धावली, हे आपण सगळ्यांनी वाचलेलं असतं. पण त्या गाड्यांचं स्टिअरिंग हातांना कसं लागायचं, ते कुठल्या स्मरणिकेत लिहिलेलं मी तरी पाहिलं नाही. ते चालकांच्या खांद्यांवर लिहिलेलं असतं.

जुन्या बसचं आणि ट्रकचं स्टिअरिंग व्हील परातीएवढं का असायचं, याचा तुम्ही कधी विचार केलाय? कारण साधी तरफ. चाक जितकं मोठं तितका जोर कमी लागतो. शिवाय स्टिअरिंगच्या पेटीतले दाते असे ठेवायचे की व्हील खूप फिरवावं तेव्हा रस्त्यावरची चाकं थोडी वळतात. म्हणजे जोर वाचतो, पण हात फिरवत राहावं लागतं. घाटातल्या एका वळणाला अण्णा अक्षरशः उभं राहिल्यासारखे होऊन व्हील ओढायचे, हे लहानपणी मी इंजिनाशेजारच्या सीटवर बसून पाहिलंय. तेव्हा मला ती ऐट वाटायची. ती ऐट नव्हती.

अण्णांचे दोन नियम होते. एक, उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवायचं नाही, "चाक जरा हलू दे, मग वळव". दोन, व्हील शेवटपर्यंत नेऊन तिथं दाबून धरायचं नाही. मी पुण्यात गाडी शिकलो तेव्हा हे दोन्ही नियम मला जुनाट वाटले. आता पॉवर स्टिअरिंग आहे की, एका बोटानं फिरतं! हे दोन्ही नियम लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहेत.

आता थोडं मागे जाऊ. माणसाच्या हाताला यंत्राची मदत देऊन सुकाणू वळवण्याची कल्पना मोटारीच्याही आधीची आहे. 'ग्रेट ईस्टर्न' हे एकोणिसाव्या शतकातलं अजस्र जहाज. त्याचं सुकाणू माणसांच्या बळावर वळवणं म्हणजे शिक्षाच. १८६६मध्ये मॅकफार्लेन ग्रे यानं त्यावर वाफेचं स्टिअरिंग इंजिन बसवलं. यातली खरी करामत वाफेत नव्हती. सुकाणवाल्यानं चाक जेवढं फिरवलं तेवढंच सुकाणू वळून थांबायचं. म्हणजे 'मागितलं किती आणि झालं किती' यातला फरक यंत्र स्वतः बघायचं आणि फरक शून्य झाला की मदत बंद. फीडबॅक! पुढे १८७३मध्ये फार्को या फ्रेंच अभियंत्यानं अशा यंत्रांवर पुस्तक लिहिलं आणि 'सर्व्हो' हा शब्द रूढ झाला. त्याच्या मुळाशी 'दास' हा लॅटिन शब्द आहे. मालक हात दाखवेल तिकडे दास ढकलेल. आपल्या गाडीतलं पॉवर स्टिअरिंग म्हणजे हाच दास, फक्त वाफेच्या जागी तेल.

मोटारीपर्यंत हा दास पोचवला तो फ्रान्सिस डेव्हिस यानं. हा अमेरिकेतल्या पियर्स-ॲरो कंपनीच्या ट्रक विभागातला अभियंता. ट्रकचालकांचे हाल त्याच्या रोजच्या डोळ्यांसमोर. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला नोकरी सोडून त्यानं मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थमला एक छोटी कार्यशाळा भाड्यानं घेतली. तोपर्यंतची हायड्रॉलिक यंत्रं तेल कायम दाबाखाली ठेवायची. त्यामुळे ती गळायची, तापायची आणि शक्ती वाया घालवायची. डेव्हिसनं उलटा विचार केला. गाडी सरळ जाताना तेल मोकळं फिरत राहू दे, दाब नकोच. चालकानं व्हील वळवलं की झडप जरा सरकेल, वाट अरुंद होईल आणि तेवढ्यापुरता दाब तयार होईल. आजही तेलावर चालणाऱ्या बहुतेक मोटारींच्या स्टिअरिंगमध्ये हेच तत्त्व आहे.

१९२६मध्ये त्यानं स्वतःच्या पियर्स-ॲरो गाडीवर हे चालवून दाखवलं. जनरल मोटर्सनं करारही केला. पुढे कॅडिलॅक गाड्यांत ते बसवायचं ठरत होतं, पण महामंदी आली, खर्च परवडेना आणि १९३४मध्ये सगळं बासनात गेलं. मग दुसरं महायुद्ध. चिलखती गाड्या इतक्या जड की हातानं वळवणं मुश्कील, तेव्हा सैन्याला डेव्हिसची आठवण झाली. आणि सामान्य गिऱ्हाइकाच्या गाडीत ते आलं १९५१मध्ये, क्रायस्लरच्या 'इंपीरियल'मध्ये. गंमत म्हणजे तोवर डेव्हिसची जुनी पेटंटं संपलेली होती आणि क्रायस्लरनं त्यांचाच आधार घेतला. ते बघून जनरल मोटर्सला जाग आली आणि १९५२पासून कॅडिलॅकमध्येही ते मिळू लागलं. १९२६ ते १९५१, पंचवीस वर्षं. आपल्या एखाद्या प्रोजेक्टचं रिलीज सहा महिने पुढे गेलं की आपण रडतो. असो.

आपल्याकडची गोष्ट पुणे जिल्ह्यात घडली. शिरूर तालुक्यातलं वढू बुद्रुक आपल्याला माहीत असतं ते संभाजी महाराजांच्या समाधीमुळे. त्याच गावच्या हद्दीत झेड-एफ या जर्मन कंपनीच्या सहकार्यानं १९८१मध्ये स्थापन झालेल्या 'झेड-एफ स्टिअरिंग गिअर (इंडिया)' या कंपनीचा कारखाना आहे. ट्रक-बसची पॉवर स्टिअरिंग बनवण्यातलं हे मोठं नाव. म्हणजे अण्णा घाटात व्हील ओढत होते तेव्हा त्यावरचा इलाज पुण्याजवळच तयार होत होता. त्यांच्या हाताखालच्या गाडीपर्यंत पोचायला त्याला बरीच वर्षं लागली, एवढंच. नोकरीच्या अखेरीला एकदा त्यांना पॉवर स्टिअरिंगची बस मिळाली. घरी येऊन आईला म्हणाले होते, "आज गाडीनंच गाडी वळवली."

आता तेलाकडे वळू. हे तेल एकाच वेळी चार कामं करतं. दाब पोचवतं, पंपाला वंगण देतं, रबरी सील मऊ ठेवतं आणि उष्णता वाहून नेतं. शेवटचं काम सगळ्यांत दुर्लक्षित. त्याचा हिशोब करून बघू, इंजिनिअर असल्याचा तेवढा तरी फायदा.

समजा स्टिअरिंग शेवटपर्यंत नेऊन तिथंच दाबून धरलं. आता तेलाला जायला वाट नाही. पंपाची सुरक्षा झडप उघडते आणि तेल तिथल्या तिथे फिरत राहतं. लहान गाडीत अशा वेळी दाब ८० बार आणि प्रवाह मिनिटाला ८ लिटर धरायला हरकत नाही. गुणाकार केला की येते १००० वॉटहून थोडी जास्त शक्ती. काम काहीच होत नाहीये, म्हणून सगळीच्या सगळी उष्णता. १००० वॉट म्हणजे काय? आंघोळीच्या बादलीत सोडतो ना, तो हिटरचा रॉड. फरक इतकाच की बादलीत पंधरा लिटर पाणी असतं आणि इथे जेमतेम एक लिटर तेल. आणि तेल पाण्यापेक्षा लवकर तापतं. सेकंदाला साधारण अर्धा अंश. दहा सेकंद धरलं तर पाच-सहा अंश चढले. घाटात भरलेली गाडी, मे महिना, एसी चालू, एकामागून एक हेअरपिन, आणि वर पार्किंगमध्ये उभ्या गाडीचं व्हील मागे-पुढे फिरवणं. रसायनशास्त्रात एक ढोबळ नियम आहे, तापमान दहा अंशांनी वाढलं की तेल खराब व्हायचा वेग साधारण दुप्पट होतो.

अण्णांचे दोन नियम आठवले? उभ्या गाडीत फिरवायचं नाही, शेवटाला दाबून धरायचं नाही. ते नियम हातांसाठी होते, पण तेलालाही तंतोतंत लागू पडतात.

बरं, हे तेल नेमकं कुठलं? इथे इतिहास भलताच रंजक होतो. सुरुवातीला पॉवर स्टिअरिंगसाठी वेगळं तेल नव्हतंच. अमेरिकेत ऑटोमॅटिक गिअरच्या गाड्या आल्या होत्या आणि जनरल मोटर्सनं त्यांच्यासाठी १९४९मध्ये 'टाईप ए' नावाचं तेल ठरवून दिलं होतं. पातळ, चांगलं, पेट्रोल पंपावर मिळणारं. स्टिअरिंगवाल्यांनी तेच उचललं. दुसऱ्याच्या प्रोजेक्टमधली लायब्ररी आपल्या कोडमध्ये घ्यावी तसं. आणि लायब्ररीबरोबर तिचे गुण-दोषही घरी आले.

ऑटोमॅटिक गिअरमधल्या क्लचच्या चकत्या झटका न देता हळूच एकमेकींना धरायला हव्यात. त्यासाठी तेलात घर्षण नेमकं ठेवणारा पदार्थ लागतो. त्या काळी तो पदार्थ कुठून यायचा? स्पर्म व्हेल या देवमाशाच्या तेलातून! ते तेल म्हणजे खरं तर एक प्रकारचं द्रवरूप मेण, उष्णतेला आणि दाबाला दाद न देणारं. म्हणजे डेट्रॉईटच्या गाडीतला गिअर मऊ पडावा म्हणून समुद्रात देवमासे मरत होते. १९६७मध्ये 'टाईप ए'ची जागा घेणारं 'डेक्सरॉन' आलं, त्यातही हेच.

१९७०मध्ये अमेरिकेनं स्पर्म व्हेलला धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत घातलं आणि त्याच्या तेलाची आयात बंद झाली. तेल कंपन्यांची धावपळ. नवा पदार्थ शोधून १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धात 'डेक्सरॉन-२' आलं. देवमासा सुटला, पण आता नवीनच बग निघाला. हे तेल रेडिएटरमधल्या तेलाच्या कुलरचे जोड खाऊ लागलं. झाळलेले सांधे गंजायला लागले. मग १९७५च्या सुमारास त्यात गंज रोखणारं द्रव्य घालून सुधारित आवृत्ती काढावी लागली. कुलर आणि तेल या दोन वेगळ्या वस्तू नाहीत, एक बदललं की दुसऱ्याचं काय होतं ते तपासावंच लागतं, हे त्या लोकांना असं समजलं.

पुढे १९९३मध्ये 'डेक्सरॉन-३', २००५मध्ये 'डेक्सरॉन-६'. २००६च्या अखेरीला जनरल मोटर्सनं तीनचे परवाने देणं बंद केलं. तेव्हा आज दुकानात बाटलीवर 'डेक्सरॉन-३' लिहिलेलं दिसलं तर त्यामागे मूळ कंपनीची तपासणी नाही. तेल चांगलं असूही शकेल, पण तो विश्वास विकणाऱ्याच्या नावावर ठेवायचा. सहा नंबरचं तेल नवं असताना तीनपेक्षा थोडं पातळ असतं, तेव्हा जुन्या गाडीत घालण्याआधी पुस्तिका बघितलेली बरी.

आणि आता माझ्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवणारी फ्रेंच गोष्ट. सिट्रोएन कंपनीनं १९५५मध्ये 'डी-एस' नावाची गाडी काढली. सस्पेन्शन, ब्रेक, स्टिअरिंग सगळं एकाच दाबाच्या तेलावर. सुरुवातीची वर्षं त्यात ब्रेक ऑईलच्या जातीचा लाल द्रव असायचा. हा द्रव हवेतली ओल शोषून घेतो. आत पाणी गेलं की गंज आलाच. शेवटी १९६६-६७च्या सुमारास कंपनीनं तो सोडून खनिज तेलावर आधारलेला हिरवा द्रव आणला. पण एकाचं रबर दुसऱ्याला चालत नाही! लाल गाडीत हिरवं घातलं किंवा हिरव्या गाडीत लाल, तर सील फुगून खलास. म्हणून त्यांनी नव्या गाड्यांतले हायड्रॉलिक भागसुद्धा हिरवे रंगवले. म्हणजे बॉनेट उघडणाऱ्या घाईतल्या माणसाला रंगावरून तरी कळावं.

मला तेवढंही कळलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वीचा मे महिना. सातारहून महाबळेश्वरला निघालो होतो, मी आणि बायको-मुलं, अण्णांची गाडी घेऊन. वाईला पोचेपर्यंत स्टिअरिंग वळवलं की बॉनेटखालून रेड्याच्या हंबरण्यासारखा आवाज यायला लागला. तेल कमी झालं की पंप हवा ओढतो आणि असा ओरडतो, हे मला माहीत होतं. डबी उघडली, तेल खाली गेलेलं. रविवार, दुपारचे तीन, दुकानं बंद. डिकीत ब्रेक ऑईलची अर्धी बाटली होती. मी म्हटलं, तेही हायड्रॉलिक, हेही हायड्रॉलिक. ओतली. आवाज थांबला. आपण किती हुशार, असं वाटून बायकोकडे बघितल्याचंही मला आठवतंय.

ब्रेक ऑईल हे मुळात तेलच नाही, ते ग्लायकॉलच्या जातीचं रसायन. ब्रेकमधलं रबर त्याच्यासाठीच वेगळं केलेलं असतं. स्टिअरिंगमधलं रबर खनिज तेलासाठी असतं. ब्रेक ऑईल लागलं की ते फुगतं, मऊ पडतं आणि मग वाट सोडतं. लगेच नाही. काही आठवड्यांनी.

मी पुण्याला परत आलो, विसरून गेलो. दीड महिन्यानं अण्णा आणि आई पाचगणीला एका नातेवाइकांकडे गेले. परत येताना पसरणीच्या घाटात, उतारावर, एका हेअरपिनला स्टिअरिंग एकदम जड झालं. सील गेलं होतं, तेल रस्त्यावर. पॉवर स्टिअरिंग बंद पडलं तरी व्हील आणि चाकांचा जोड तुटत नाही, गाडी वळते. पण हलक्या हाताच्या हिशोबानं केलेलं ते लहानसं व्हील आणि नाकावर डिझेल इंजिनाचं वजन. एसटीचं परातीएवढं व्हील तिथे नव्हतं. आई सांगते, अण्णा सीटवरून अर्धे उठले आणि दोन्ही हातांनी व्हील ओढलं. मला तो पवित्रा माहीत आहे. गाडी कठड्याच्या अलीकडे वळली. खाली वाईपर्यंतची उरलेली वळणं त्यांनी तशीच काढली.

फोनवर मला एवढंच म्हणाले, "स्टिअरिंग जरा जड झालं होतं." खांद्याचा स्नायुबंध फाटलाय, हे आठ दिवसांनी कळलं. चार महिने त्यांना उजवा हात वर करून केस विंचरता येत नव्हते. वय अडुसष्ट.

गाडी सांगलीच्या मिस्त्रींकडे टाकली, ताईच्या ओळखीचे. त्यांनी डबीत बोट बुडवलं, चोळलं, वास घेतला. "यात ब्रेक ऑईल कुणी घातलं?"

मी तिथेच उभा होतो. अण्णाही होते, हात गळ्यात बांधलेला. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि मिस्त्रींना म्हणाले, "माझ्याकडनंच पडलं असेल. चष्मा नव्हता."

एकतीस वर्षं एसटी चालवलेला माणूस मिस्त्रीसमोर असं म्हणाला. आणि मी गप्प बसलो. आज इथे लिहितोय ते त्या दिवशी तिथे बोलायला हवं होतं.

मिस्त्रींनी सगळं खोललं. रॅकचे सील, पंपाचे सील, रबरी नळ्या, सगळं नवं. स्वस्तातलं तेल दोनदा भरून, फिरवून, काढून टाकलं आणि मग चांगलं भरलं. शेवटी म्हणाले, "काकांचं जाणं-येणं घाटातच असेल तर कुलर टाकून देतो." मला वाटलं, बिल वाढवायचा धंदा. म्हणून घरी येऊन तो वरचा १००० वॉटचा हिशोब केला आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं 'टाका' म्हणालो. ही काही नवी युक्ती नाही. बऱ्याच गाड्यांत कंपनीच परतीची नळी रेडिएटरसमोर एक वळसा देऊन नेते, तोच कुलर. अमेरिकेत फोर्डच्या 'क्राऊन व्हिक्टोरिया'च्या पोलीस आवृत्तीत तर जादा कुलर मुद्दाम दिलेला असायचा.

मी बसवताना बघत होतो तेव्हा मिस्त्री म्हणाले, "अहो, आमच्या मळ्यातलं इंजिन नाही का, तसंच हे." आणि मला माझं लहानपण दिसलं.

सांगली-साताऱ्याच्या माणसाला यंत्र थंड ठेवणं नवीन नाही. एकेकाळी हा सगळा एकच सातारा जिल्हा होता. १९४९मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६०मध्ये त्याचं सांगली झालं. याच पट्ट्यात, औंध संस्थानच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१०मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. आधी नांगर, मग १९२६पासून पाण्याचे पंप. साताऱ्यात धनजीशा कूपर यांचा कारखाना, तोही लोखंडी नांगरापासून सुरू होऊन डिझेल इंजिनांपर्यंत गेलेला. हेच कूपर १९३७मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. कृष्णाकाठच्या विहिरींवर ठकठक करत चालणारी इंजिनं ही या सगळ्यांची देणगी.

त्या इंजिनाला रेडिएटर नसायचा. पंपानं उपसलेल्या पाण्यातूनच एक बारीक नळी इंजिनाला द्यायची. गार पाणी आत, गरम पाणी बाहेर, ते पाटात सोडून द्यायचं. इंजिनानं स्वतःच उपसलेल्या पाण्यानं स्वतःला गार ठेवायचं. आजोळी थंडीत आम्ही पोरं त्या गरम पाण्याच्या धारेखाली आंघोळ करायचो. आजोबा अधूनमधून त्या धारेत हात घालून बघायचे. हात टिकला तर ठीक, नाही टिकला तर इंजिन बंद.

असो. तुम्हाला करायचं असेल तर थोडक्यात सांगतो. तेलाचं नाव गाडीच्या पुस्तिकेत किंवा डबीच्या झाकणावर असतं, तेच घ्यायचं. रंगावर जाऊ नका. लाल म्हणजे डेक्सरॉन आणि हिरवं म्हणजे अमुक, असा कायदा नाही, रंग नुसता घातलेला असतो. नाव मिळालं नाही तर अधिकृत दुकानातून विचारून घ्या. अंदाजानं भरू नका, आणि ब्रेक ऑईल कधीच नाही. तेल काळपट झालं असेल, जळका वास येत असेल तर नुसतं वरून भरू नका, सगळं बदला. तेल कमी होतंय म्हणजे कुठेतरी गळतंय, ते आधी शोधा. ही बंद व्यवस्था आहे, तेल 'खर्च' होत नाही. कुलर बसवायचाच तर परतीच्या नळीवर, जिथे दाब कमी असतो. दाबाच्या नळीला हात लावायचा नाही. जागा रेडिएटरच्या पुढे, वारा लागेल अशी. नळी तेलाला चालणारी हवी, पाण्याची नको. भरल्यावर पुढची चाकं जॅकवर उचलून व्हील सावकाश दोन्हीकडे फिरवा, म्हणजे आतली हवा निघते. आणि शहरातल्या शहरात चालणाऱ्या गाडीला कुलर लागतच नाही, उगाच पैसे घालू नका.

खरं तर हे सगळंच आता मावळतीला लागलंय. १९८८मध्ये जपानमध्ये सुझुकीनं 'सर्व्हो' नावाच्याच छोट्या गाडीत विजेवर चालणारं स्टिअरिंग दिलं आणि आज नव्या छोट्या गाड्यांत बहुतेक तेच असतं. तेल नाही, पंप नाही, डबी नाही, कुलर नाही. माझ्या मुलीला हा लेख कदाचित मळ्यातल्या इंजिनासारखा वाटेल. ट्रक, ट्रॅक्टर आणि अण्णांच्या गाडीसारख्या जुन्या गाड्या आहेत तोवर मात्र दुकानात त्या चार बाटल्या राहणार.

त्या शनिवारच्या फोनवर मी अण्णांना तेलाचं नाव सांगितलं, त्यांनी दुकानदाराला वाचायला लावलं, अक्षर न् अक्षर. मग मी म्हटलं, "अण्णा, त्या वेळी ब्रेक ऑईल मी घातलं होतं."

पलीकडे थोडा वेळ नुसते रिक्षांचे हॉर्न.

"माहितीय रे," अण्णा म्हणाले. "बाटली अर्धी होती, रिकामी झालेली दिसली मला. म्हणून तर आता विचारून घेतोय." मग दुकानदाराला, "हां, हीच द्या. पावती पण द्या."

पुढच्या शनिवारी साताऱ्याला जातोय. तेल मी बदलणार आहे, अण्णा शेजारी खुर्ची टाकून बसणार आहेत. मग आम्ही पसरणीचा घाट चढून वर जाऊ, आणि मी डबीला हात लावून बघेन, टिकतोय का ते.